सात नंबर, ठीक आहे

नियमरावांना त्या संध्याकाळी काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढचं ऐकताना तराजू तुमच्या हातात राहील.

मुख्य कार्यालयात बदली. डुगडुगत नाही अशी खुर्ची. संध्याकाळचा चहा स्वतःच्या घरी. आणि जी लेक त्यांना 'पाहुणे बाबा' म्हणून चिडवायची, तिचा रोजचा बाबा होण्याची संधी.

बस, एवढंच. लाच नाही, अफरातफर नाही. चारचौघांसारखी साधी इच्छा. पण माणूस घसरतो तो अशाच साध्या जागी.

हे घडलेलं आहे. ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझ्या आत्याचे यजमान, आजही हयात आहेत. पटत नसेल तर सकाळी जाऊन विचारा, सांगतील.

कातरवेळी मात्र विचारू नका...

एका डोंगराळ मुलखात पुराने वाताहत केली होती, आणि तिथल्या छावण्यांना औषधं, पांघरुणं, धान्य पोचवणाऱ्या संस्थेत ते सुरक्षा अधिकारी होते. मदतीचा माल छावणीत पोचवणं हे दुसऱ्यांचं काम. माल नेणारी माणसं धडधाकट परत आणणं हे यांचं. कोणती गाडी कोणत्या रस्त्याने जाईल, कुठे थांबेल, कुठे अजिबात थांबणार नाही, सगळं हे ठरवणार. शिंकायचं झालं तरी आधी नियम बघतील, असं ड्रायव्हर म्हणायचे. त्यांनीच नाव ठेवलं, नियमराव.

नियम पुष्कळ होते, पण त्यांचा जीव अडकला होता एकात. संध्याकाळच्या हजेरीत.

अंधार पडायच्या आत ऑफिसातल्या वायरलेसवरून एकेका गाडीला नंबराने हाक जायची. ड्रायव्हरने स्वतःच्या तोंडाने 'ठीक आहे' म्हणायचं. दुसऱ्याने म्हटलेलं चालणार नाही. "ही शाळा नाही, मित्राची हजेरी मित्राने लावायला," असं नियमराव प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. तीन हाकांना उत्तर आलं नाही की ती गाडी बेपत्ता. मग बाकीच्या गाड्या असतील तिथे थांबणार, शोधायला माणसं निघणार, मुख्य कार्यालयात फोन जाणार.

नियम उत्तम होता. त्यांनीच केला होता.

सात नंबरच्या गाडीवर मामा होते. ड्रायव्हरांत सगळ्यात जुने, म्हणून सगळ्यांचेच मामा. त्यांची हजेरी ठरलेली.

"सात नंबर, ठीक आहे. चहा ठेवा."

मुक्काम दुसऱ्या टोकाच्या छावणीत असला तरी चहा ठेवा. वायरलेसवर बसणाऱ्या ताई हसायच्या. नियमराव एकदा रागावले. "मामा, वायरलेसवर चहाचं बोलायचं नाही."

"मग काय साहेब, वायरलेसवर नुसतं जिवंत राहायचं?"

यावर नियमरावांकडे नियम नव्हता.

त्या संध्याकाळी मोठ्या बाई आल्या होत्या. मुख्य कार्यालयाच्या प्रमुख. बदली त्यांच्या हातात. अख्ख्या मोसमात एकही गाडी बेपत्ता नाही, हे ऐकून त्या खास हजेरी बघायला आल्या आणि ताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

मामा त्या दिवशी लांबच्या छावणीत मुक्कामाला निघाले होते. इकडे त्यांची वाट बघणारं कोणी नव्हतं. निघायला उशीर झाला असेल, उद्या येतील, असं तिकडचे धरून चालले होते.

ताईंनी हाका द्यायला सुरुवात केली. पाच नंबर, ठीक आहे. सहा नंबर, ठीक आहे.

"सात नंबर?"

नुसती खरखर...

"सात नंबर, ऐकू येतंय का?"

खरखर.

मोठ्या बाईंनी कप खाली ठेवला.

नियमरावांच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम आल्या. घाटात आवाज अडतो, हे त्यांना ठाऊक होतं. मागच्या मोसमात मामा असेच गप्प झाले होते आणि दुसऱ्या दिवशी हसत फाटकातून आत आले होते. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे ती न डुगडुगणारी खुर्ची.

"जनरेटर कुरकुरतोय, बघून येतो," असं म्हणून ते मागच्या अंगणात गेले. कमरेची वॉकीटॉकी काढली. तोंडावर रुमाल धरला.

आत ताईंची तिसरी हाक गेली.

"सात नंबर. ठीक आहे," नियमराव म्हणाले.

ते आत आले तेव्हा मोठ्या बाई मान डोलावत होत्या. ताई मात्र सेटकडे बघत होत्या.

"मामांचा घसा बसलाय वाटतं," ताई म्हणाल्या. "आज चहासुद्धा नाही."

"झालं ना सगळं? मग पुढचा नंबर घ्या," नियमराव म्हणाले.

आठ नंबर, ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी लाकडं तोडणाऱ्यांना गाडी दिसली. घाटाच्या वळणाखाली, झाडाला अडकलेली. मामा आतच होते. पाय दबलेला.

छावणीतले डॉक्टर म्हणाले, "रात्रीपर्यंत होते. संध्याकाळीच कोणी गेलं असतं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

पुरं केलं ते मेकॅनिकने. त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. हात पुसत तो सहज सांगून गेला, "एरियल मुळातनं मोडली होती साहेब. त्यामुळे मामांचं बोलणं बाहेर गेलं नाही. पण आमचं सगळं त्यांना ऐकू येत होतं. मी गेलो तेव्हाही सेट चालूच होता. आवाज पूर्ण मोठा केलेला. माईक हातातून काढायला बोटं एकेक करून उघडावी लागली."

ऐकू येत होतं.

म्हणजे तीनही हाका मामांनी ऐकल्या. तिन्ही वेळा बटण दाबून ओरडले असतील. तिसऱ्या हाकेनंतर आता शोधायला निघतील, हा नियम त्यांना पाठ होता.

आणि मग त्यांनी तेही ऐकलं. सात नंबर, ठीक आहे.

चौकशी झाली. कोणी करायची? नियम करणाऱ्याने. नियमरावांनी ताईंना समोर बसवून विचारलं, "आवाज वेगळा वाटला होता, तर थांबवलं का नाही?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चुकलंच."

आवाज ओळखण्यात हयगय, असा ठपका ठेवून ताईंना काढलं. त्या पिशवी घेऊन फाटकातून बाहेर पडल्या तेव्हा नियमराव खिडकीपासून बाजूला झाले. तेव्हापासून आजवर ते खिडकीपासून असेच बाजूला होत आलेत.

बदली झाली.

पण निघायच्या आधीच सुरू झालं होतं...

ताईंच्या जागी नवा मुलगा आला. सात नंबर हजेरीतून काढून टाकला होता. पाच, सहा, मग थेट आठ. पहिल्याच संध्याकाळी सहाचं उत्तर आलं आणि सेटची खरखर एकदम थांबली.

पूर्ण शांत.

आणि मग...

"सात नंबर. ठीक आहे."

मुलगा हसत मागे वळला. "साहेब, मागे उभं राहून माझी परीक्षा घेताय होय?"

नियमरावांचे ओठ मिटलेले होते. वॉकीटॉकी टेबलावर पडली होती.

आणि आवाज मामांचा नव्हता. रुमालातून आलेला, जरा बसका. त्यांचाच होता.

मुख्य कार्यालयात वायरलेस नव्हता. नियमरावांना वाटलं, सुटलो. नवी खुर्ची खरंच डुगडुगत नव्हती. पुढच्याच आठवड्यात ते संध्याकाळी घरी पोचले तेव्हा आत्या दारातच कावलेली.

"कुठे होता? चहा गार झाला की."

"आत्ता तर येतोय."

"थट्टा करता काय? मघाशी हाक मारली, अहो आलात का? तर खोलीतनं म्हणालात, ठीक आहे. मी म्हटलं, हे काय उत्तर झालं?"

नियमरावांनी खोलीत डोकावून पाहिलं. खोली रिकामी होती. खुर्ची मात्र टेबलापासून थोडी मागे सरकलेली...

मग हे रोजचंच झालं. दिवस कलला आणि कोणी त्यांना हाक मारली, की त्यांच्या आधी दुसरंच कोणी उत्तर द्यायचं. जिन्यातून. न्हाणीघरातून. बंद दाराआडून. लेकीला सुरुवातीला गंमत वाटली. "बाबा, तुम्ही सगळ्यालाच ठीक आहे म्हणता. जेवणार का विचारलं तरी ठीक आहे, तार आली म्हटलं तरी ठीक आहे." मग एकदा ती आईच्या कानाशी लागून म्हणाली, "आई, बाबा बोलतात तेव्हा त्यांचं तोंड का हलत नाही?"

 

एका संध्याकाळी कार्यालयाच्या तळघरात ते एकटेच होते. तिथे जुनं सामान ठेवायचे. तंबू, कंदील, मोडके सेट. वरच्या फळीवरचं खोकं काढताना शिडी सरकली. शिडीबरोबर लोखंडी कपाटही आलं.

पाय कपाटाखाली दबला.

कळ डोक्यात गेली. थोड्या वेळाने पावलं ऐकू आली. पहारेकरी कुलूप लावायला आला होता. चांगला माणूस. नियमाप्रमाणे दाराशी थांबला आणि हाक दिली.

"आत कोणी आहे का?"

नियमराव ओरडले. सगळी ताकद लावून ओरडले.

आवाज आला नाही. तोंड उघडलेलं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि आवाज नाही. नुसती खरखर...

"कोण, साहेब का? ठीक आहे ना सगळं?"

आणि त्यांच्या कानाशी, अगदी कानाशी, कोणीतरी निवांतपणे म्हणालं...

"ठीक आहे."

"बरं, वरच्या दाराने जा मग साहेब. हे मी लावतो."

कुलूप लागलं. पावलं दूर गेली. नियमरावांना सगळं ऐकू येत होतं.

त्यांना बाहेर काढलं ते आत्याने. ती घरी वाट बघत होती आणि पुन्हा तेच झालं. हाक मारली, खोलीतून 'ठीक आहे' आलं. बाकीचे दिवस तिने मानून घेतलं होतं. त्या दिवशी ती उठली, खोलीत गेली, रिकामी खोली पाहिली आणि तशीच कार्यालयात गेली. साहेब तळघरात होते, ठीक आहे म्हणाले आणि वरच्या दाराने गेले, असं पहारेकरी सांगू लागताच ती म्हणाली, "दार उघडा. ते आत नाहीत असं म्हणू नका. ठीक आहेत असं तर मुळीच म्हणू नका."

पाय वाचला. लंगडतात.

इस्पितळातच त्यांनी आत्याला सगळं सांगितलं.  आत्याने हातातला हात काढून घेतला.

बरे झाल्यावर काठी टेकत ते मोठ्या बाईंकडे गेले. दार लावून सगळं सांगितलं. रुमालासकट. बाई ऐकत होत्या. खिडकीबाहेर दिवस कलत होता.

"ते प्रकरण केव्हाच मिटलंय," बाई शेवटी म्हणाल्या. "आता उकरलं तर संस्थेचं नाव जाईल, देणगीदार जातील, छावण्या उघड्या पडतील. तुम्हाला ताण आलाय. ताईंचं बघू कधीतरी. तुम्ही ठीक आहात ना?"

नियमरावांनी तोंड मिटून घेतलं. दात आवळून.

"ठीक आहे," उत्तर आलं.

"मग झालं तर," बाई म्हणाल्या आणि फाइल पुढे ओढली.

ताईंकडेही गेले ते. ताईंनी दारात उभं राहूनच ऐकलं. आत या म्हणाल्या नाहीत.

"मला वाटलं होतं त्याच दिवशी," ताई म्हणाल्या. "मामा चहा विसरणारे नव्हते. पण नियम तुमचा. तुम्ही मोडाल असं मनात आणायचीच मला लाज वाटली. म्हणून मी पुढचा नंबर घेतला." मग म्हणाल्या, "आता मला सांगून काय उपयोग, साहेब? ज्यांना सांगायला हवं, त्यांनी तर तेव्हाच ऐकलंय."

दार आपटलं नाही. हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं नियमराव अजून म्हणतात.

तो आवाज कसला, ते मला माहीत नाही. मामांचा म्हणावा तर मामा असा डूख धरणारा माणूस नव्हता. नियमरावांचाच म्हणावा, तर त्यांचं तोंड मिटलेलं मी स्वतः पाहिलंय. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. बोलता बोलता अंधारून आलं आणि मी सहज म्हणालो, "बाकी प्रकृती?" ते माझ्यासमोर बसले होते. उत्तर माझ्या पाठीमागून आलं...

मी वळून पाहिलं नाही. अजून वाटतं, पाहायला हवं होतं. अजून वाटतं, बरं झालं नाही पाहिलं.

आता तराजू खाली ठेवू.

मामांनी जीव दिला. ताईंनी नोकरी दिली आणि चांगलं नाव दिलं. बाईंचं काही गेलं नाही. नियमरावांनी एक पाय अर्धा दिला, आणि बाकीची भरपाई करायला निघाले तर घ्यायला कोणी तयार नाही. शरम तेवढी शिल्लक राहिली. ती ते बाळगून आहेत.

आणि आत्या. तिचा यात काडीचा संबंध नव्हता. गुडघे गेलेत तिचे. तरी दिवस कलला की ती हातातलं काम टाकते, भिंत धरत धरत उठते आणि त्यांच्या खोलीपर्यंत जाते.

हाक मारत नाही. आत जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावून बघते.