अकरावं रीळ

"आत्या, थांबव. धूर उलटा चाललाय," शंकासूर म्हणाला.

आत्याने बटण दाबलं. पडद्यावरचं अंतराळयान जमिनीपासून हातभर उंचीवर लटकत राहिलं.

"यान उतरतंय म्हटल्यावर धूर निघणारच की," ताई म्हणाली. "त्यात उलटं काय?"

"निघत नाहीये, आत शिरतोय. यान धूर पितंय. नीट बघ."

शंकासूर हे नाव त्याला घरच्यांनीच दिलं होतं. अकरा वर्षांच्या आयुष्यात त्याने एकही गोष्ट मुकाट्याने ऐकून घेतली नव्हती. ताई त्याची मोठी बहीण, वय तेरा. आणि शेजारची मुंगी दोघांची मैत्रीण. ती अंगाने एवढीशी, पण भरलेली बादली एका हातात घेऊन जिना चढायची. तिघं सुट्टीत आत्याकडे आली होती.

आत्याचं काम जुन्या चित्रपटांची डागडुजी करण्याचं. कार्यशाळेतल्या लांबलचक खोलीत काचेचं टेबल होतं, त्याच्या खाली दिवा. त्यावर ती पांढरे हातमोजे घालून फिल्मची फाटकी टोकं जोडायची, धूळ पुसायची आणि एकेक चित्र यंत्रातून संगणकात उतरवायची. सध्या टेबलावर होता ‘तांबूस ग्रहाची पाहुणी’. साठ वर्षांपूर्वीचा, काळापांढरा. एक शास्त्रज्ञ बाई दूरच्या ग्रहावर जाते आणि सगळी संकटं झेलून शेवटी यानातून घरी परतते, अशी त्याची गोष्ट. येत्या रविवारी तो शहरातल्या मोठ्या चित्रपटगृहात पुन्हा लागणार होता. ‘मूळ आवृत्ती’ अशा ठळक अक्षरांतली पोस्टरंही झळकली होती.

"उलटं चालवून बघूया?" मुंगीने विचारलं.

आत्याने दृश्य शेवटाकडून सुरुवातीकडे चालवलं. आता यान झोकात वर उडालं आणि धूर शहाण्यासारखा खाली पसरला. एवढंच नव्हे, तर कोपऱ्यात एक ठिपका हलत होता. आत्याने तो मोठा केला. जमिनीवर एक बाई उभी होती आणि उडत्या यानाला हात हलवत होती.

"म्हणजे यान परत आलंच नाही," ताई हळूच म्हणाली. "ते ग्रहावरून निघालं आणि बाई मागे राहिली."

आत्याने ते दृश्य पुन्हा एकदा उलटं चालवून पाहिलं. मग उठून ती कार्यशाळेच्या व्यवस्थापकांकडे गेली. मुलांनी त्यांचं नाव घाईसाहेब ठेवलं होतं. ते जिना उतरतानासुद्धा फोनवर पुढचं काम उरकायचे.

"दहा रिळं आली, दहाही झाली," ते म्हणाले. "डब्यावर मूळ असं लिहिलंय. मूळ नाही तर काय? धुराच्या मागे काय लागता? रविवार तोंडावर आलाय."

आत्या हिरमुसून परतली. "हा चित्रपट जिने जोडला, ती संकलक बाई दोन गल्ल्या सोडून राहते," ती म्हणाली. "तिला सगळं ठाऊक असेल. पण फोनवर या चित्रपटाचं नाव काढलं की फोन ठेवते. रविवारचं आमंत्रणही परत पाठवलंय."

"फोन ठेवता येतो, पण आम्हाला कुठे ठेवणार?" शंकासूर म्हणाला.

"पायऱ्या सावकाश चढा, उद्धटपणा करू नका आणि पाचच्या आत परत या," आत्या म्हणाली.

संकलक आजी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत राहत होत्या. दार चार बोटं उघडलं.

"कशाला आलात?"

"धुराबद्दल विचारायला," शंकासूर म्हणाला. "तो आत का जातो?"

दार पुरतं उघडलं. आजी उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा बांधलेल्या. त्यांनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खुर्च्यांवरचे कपडे उचलले.

"बसा. साठ वर्षांत हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिलेच," त्या म्हणाल्या. "त्या गोष्टीत बाई परत येत नाही. तिथली झाडं मरायला टेकलेली असतात, म्हणून ती यान पाठवून देते आणि स्वतः थांबते. अकरावं रीळ सगळं तिचंच होतं. ती एकटी काय करते, कशी हसते, पहिलं पान कसं फुटतं. प्रदर्शनाच्या चार दिवस आधी मालक म्हणाले, मुलं रडतील. शेवटचं रीळ जाळा आणि यान परत आणा."

"मग आणलंत?" शंकासूरने विचारलं.

"कुठून आणणार? पुठ्ठ्याचं एकच यान, तेही तोवर मोडलेलं. म्हणून उडतानाचा तुकडा उलटा जोडला. धूर झाकता आला असता मला. मुद्दाम ठेवला. म्हटलं, कुणीतरी विचारेल."

"आणि रीळ?" मुंगीने घाबरतच विचारलं. "जाळलंत?"

"मी? माझ्या हातांनी जोडलेलं?" आजी केवढ्यांदा तरी हसल्या. "तुमच्या आत्याची कार्यशाळा तेव्हा फिल्म धुण्याची प्रयोगशाळा होती. डब्यावर ‘मशीनची चाचणी’ अशी चिठ्ठी लावली आणि तळघरातल्या रिकाम्या डब्यांत सरकवून दिला. नंतर मला कुणी तिथे पाऊल टाकू दिलं नाही. आता काय राहिलं असेल?"

मुंगी ताडकन उभी राहिली. सकाळी कार्यशाळेच्या अंगणात गंजक्या डब्यांच्या ढिगावर बसल्याबद्दल ती बोलणी खाऊन आली होती. ते डबे तळघरातूनच वर आणले होते आणि चार वाजता भंगाराची गाडी येणार होती. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

तिघं अशी सुटली की चपला घालायचं भान फक्त ताईला राहिलं.

अंगणात गाडी उभी होती. गाडीवाले काका डबे आत ठेवायच्या बेतात होते. मुलांनी ढिगाभोवती फेरी मारली आणि त्यांचं अवसान गळालं. ओलीने आणि कसरीने एकाही डब्यावर चिठ्ठी शिल्लक ठेवली नव्हती. झाकणं गंजून बसली होती.

"कलिंगड कसं बघतात?" मुंगी म्हणाली आणि तिने एका डब्यावर टिचकी मारली. ठण्ण. दुसऱ्यावर मारली. ठण्ण.

"काय चाललंय?" घाईसाहेब कागद हलवत बाहेर आले. "बाजूला व्हा. एकही डबा काढायचा नाही. यादीवर सही झाली आहे आणि सही झालेली यादी बदलत नसते."

ताईने अदबीने कागद मागून घेतला आणि मोठ्याने वाचला. "रिकामे डबे, नग बेचाळीस. साहेब, हे उघडून पाहिलेत?"

"बेचाळीस डबे उघडत बसायला वेळ कुणाला आहे?"

ताई गाडीवाल्याकडे वळली. "काका, एखादा भरलेला निघाला तर न्याल?"

"छे. जुनी फिल्म पेटली म्हणजे? माझ्या कागदावर रिकामे लिहिलंय, मी रिकामेच नेणार."

"मग यादी मुळीच बदलू नका, साहेब," ताई म्हणाली. "जो डबा रिकामा नाही, तो तुमच्या यादीत नाहीच."

घाईसाहेबांनी कागद परत घेतला आणि पुन्हा वाचला. गाडीवाले काका मिशीत हसत होते. "वाजव गं पोरी," ते म्हणाले. "वाजवून दे, मी ठेवतो."

मुंगी एकेक डबा वाजवून देऊ लागली. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. वीस झाले, तीस झाले. शंकासूर नखं खात होता. ढीग गुडघ्याएवढा उरला, मग घोट्याएवढा. सदतिसाव्या डब्यावर टिचकी पडली आणि आवाज आला, ढब.

मुंगीने तो डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि जिन्याकडे चालू लागली. तिला अडवायला कुणीही पुढे झालं नाही.

आत्याने पातळ सुरीने कडेचा गंज खरवडला. झाकण निघालं तसा लोणच्याच्या बरणीत नाक घातल्यासारखा आंबूस वास आला. "फिल्म म्हातारी झाली की असाच वास येतो," ती म्हणाली. वरचे वेढे चिकटले होते. तिने श्वास रोखून ते सोडवले आणि पट्टी दिव्यावर धरली. इवल्याशा चौकटीत उघडं माळरान होतं, आकाशात लहान होत जाणारं यान होतं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी असलेली एक बाई.

घाईसाहेब वाकून पाहत होते. सरळ व्हायला त्यांना वेळ लागला. "रविवारपर्यंत होईल?" त्यांनी विचारलं.

"नाही. घाई केली तर फाटेल. त्यानंतरच्या रविवारी."

मुलांना वाटलं, आता गडगडाट होणार. पण साहेब स्टुलावर बसले आणि त्यांनी स्वतःच चित्रपटगृहाला फोन लावला. "आम्ही मूळ म्हणून जे देत होतो, ते मूळ नव्हतं," ते म्हणाले. "मी तपासलं नाही. चूक माझी. आठ दिवस द्या."

त्या आठ दिवसांत आत्याने यानाचा उलटा तुकडा सुलटा जोडला आणि मुलांनीही हातमोजे चढवले. पडद्यावर ओरखडा दिसला की ताई त्याची वेळ टिपायची. शंकासूर प्रत्येक डागाला "हा डाग की तारा?" असं विचारून आत्याला भंडावायचा. दोनदा तो खरोखरच तारा निघाला. संकलक आजी रोज दुपारी येऊन मागे बसायच्या.

रविवारी चित्रपटगृह तुडुंब भरलं. यान गेलं, बाई मागे राहिली आणि पुढची अकरा मिनिटं कुणी खोकलंदेखील नाही. मुरमाड जमिनीतून पहिलं पान वर आलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक चिमुरडी रडू लागली. "गप्प कर ना तिला," कुणीतरी कुजबुजलं. "रडू दे," तिची आई म्हणाली. तिचेही डोळे वाहत होते.

दिवे लागल्यावर घाईसाहेब मंचावर गेले. "हे रीळ मी भंगारात काढलं होतं," त्यांनी सांगून टाकलं. "तीन मुलांनी ते वाचवलं. त्यांनी जरा उभं राहावं." तिघं उभी राहिली. मुंगी दिसेना, तेव्हा गाडीवाले काका मागच्या रांगेतून उठून आले आणि त्यांनी तिला खुर्चीवर उभं केलं. टाळ्या थांबता थांबेनात.

संकलक आजी मात्र कपाळाला आठ्या घालून बसल्या होत्या. आत्या घाबरली. "काही बिघडलं का, बाई?"

"मुलांना तोड नाही. तुझं कामही चोख आहे," आजी म्हणाल्या. "पण ती वळते ना, तो तुकडा मी जरा लांब ठेवलाय. दोन चौकटी जास्त. साठ वर्षांनी आज कळलं."

"कापू?" आत्याने विचारलं.

"खबरदार," आजी म्हणाल्या. "मूळ म्हणजे मूळ." आणि मग इतका वेळ आवरून धरलेलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं.