काचेवरची गोगलगाय

एकाच तुकड्यावर दोघांनी एकाच वेळी बोट ठेवलं.

तुकडा सुपारीपेक्षा जरासाच मोठा. हिरवं अंग, जांभळी टोकं, दुकानातल्या खाऱ्या पाण्याच्या हौदात निळ्या दिव्याखाली बसलेलं जिवंत प्रवाळ. तिने त्याची दोन महिने वाट पाहिली होती. शेजारच्या माणसाने ते दोन मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं आणि तेवढ्यात तो त्याच्यावर जीव जडवून मोकळा झाला होता.

"माझं बोट आधी होतं," ती म्हणाली.

"तुमचं बोट काचेवर आहे. माझं पाण्यात आहे." आणि खरंच, बाही कोपरापर्यंत भिजवून त्याने हात आत घातला होता.

"हात साबणाने धुतलेत?"

"म्हणजे काय! दोनदा."

"मग काढा आधी बाहेर. साबण पाण्यात गेला की मामांचे मासे गेले."

त्याने चटका बसल्यासारखा हात बाहेर ओढला. ती हसली नाही, पण न हसण्यासाठी तिला शेजारच्या खेकड्याकडे बघावं लागलं.

दुकानदार, ज्यांना सगळे मामा म्हणत, कात्री घेऊन आले. "भांडता कशाला? तोडलं तरी दोन्ही बाजू जगतात." कट्कन आवाज झाला. एकाचे दोन तुकडे झाले, दोन चकत्यांवर डिंकाने चिकटले आणि दोन पिशव्यांत गेले.

दुकानाच्या पायरीवर ती थांबली. खरं तर थांबायचं काही कारण नव्हतं.

"आमच्या हौशी लोकांत एक रीत आहे," ती म्हणाली. "आपलं प्रवाळ वाढलं की त्याचा एक तुकडा दुसऱ्याकडे ठेवायला द्यायचा. उद्या आपलं मेलंच, तर त्याच्याकडून परत मागता येतो."

"म्हणजे तुमचं मेलं तर मी द्यायचा?"

"माझं मरत नाही. मी तुमच्याबद्दल बोलतेय."

तो मोठ्याने हसला. त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. "आमच्याकडेही असंच असतं," तो म्हणाला. "एक दोर तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. पटली मला रीत. नंबर द्या, मॅडम."

नंबर दिला गेला. प्रवाळाच्या तब्येतीसाठी, अर्थात.

ती इस्पितळाच्या औषधालयात औषधं द्यायची. दिवसभर मोजणं, ओतणं, चिठ्ठ्या लावणं, आणि मुदत संपलेल्या बाटल्या शोधून वेगळ्या काढणं. घरी आली की तेच डोळे चार वर्षं जुन्या, दोनशे लिटरच्या टाकीवर रोखायचे. पाण्याचा प्रत्येक आकडा वहीत. घरात ती आणि बाबा, दोघंच. बाबा निवृत्त मुद्रितशोधक. टाकीला ते नावं ठेवायचे आणि दिवसातले चार तास तिच्यासमोरच बसायचे. आतल्या केशरी माशाचं नाव त्यांनी जावईबापू ठेवलं होतं, कारण तो दिवसभर नुसता झुलायचा, वेळेवर खायला मागायचा आणि कशालाही हात लावायचा नाही.

रविवारी सकाळी दहाला फोटो पाठवायचा, असं ठरलं. त्याच्या टाकीचा पहिला फोटो पाहून तिला घाम फुटला. प्लॅस्टिकचं पिंप, जुने पाइप, एक पंप चक्क दोरीने टांगलेला.

'ही टाकी आहे की गॅरेज?' तिने लिहिलं.

'प्रवाळाला विचारा. त्याला आवडलंय.'

आणि खरंच, मधोमध त्याचा अर्धा तुकडा ताठ बसला होता.

मग रविवारचं बुधवारीही व्हायला लागलं. पाणी उडून जातं पण मीठ मागेच राहतं, म्हणून वरून भरताना गोडंच पाणी घालायचं, हे तिने त्याला तीनदा समजावलं. त्याला पहिल्यांदाच कळलं होतं, हे तिला नंतर कळलं. ती स्वतः रोज सकाळी मगाने पाणी भरते हे ऐकून तो एका संध्याकाळी हत्यारांची पेटी घेऊन दारात हजर झाला. टाकीखाली पालथा पडून त्याने एक तरंगता खटका बसवला. पाणी उतरलं की पंप सुरू, रेषेवर आलं की बंद.

"लिफ्ट मजल्यावर थांबते ना, अगदी तसंच," तो खालून म्हणाला.

"आणि नाही थांबलं तर?"

"तर मी येईन की."

हे वाक्य त्याने पाना फिरवता फिरवता सहज टाकलं. तिने ते सहज घेतलं नाही. बाबांनी वर्तमानपत्रावरून त्याचे बाहेर आलेले पाय न्याहाळले, मग टाकीतल्या जावईबापूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "हा मात्र कामाचा दिसतो."

तिने बाबांना चहा करायला पिटाळलं.

चौथ्या महिन्यात तिचं प्रवाळ पांढरं पडू लागलं.

आधी बुडाशी एक बारीक पांढरी कड दिसली. मग ती वर सरकली. तिने पाणी तपासलं. चाचणीच्या औषधाचे थेंब टाकायचे, रंग बदलेपर्यंत मोजायचे; जितके थेंब, तितका आकडा. प्रवाळाला आपला सांगाडा बांधायला पाण्यात जे क्षार लागतात त्यांचा आकडा उलट जास्तच येत होता. म्हणून तिने क्षारांचं रोजचं द्रावण कमी केलं. आकडा तरीही जास्त. तिने आणखी कमी केलं. कड आणखी वर सरकली. वहीत सगळं जागच्या जागी होतं आणि टाकीत ते डोळ्यांदेखत मरत होतं.

रविवार आला. 'माझं मरत नाही' असं पायरीवर ऐटीत सांगणारी ती, हातात फोन घेऊन टाकीसमोर बसली. त्याला काय सांगायचं? तो तिला विचारून पाणी बदलायचा, तिला विचारून दिवा लावायचा. आणि खरी भीती त्याहून साधी होती. प्रवाळ मेलं तर फोटो कशाचा पाठवायचा? फोटो नाही तर रविवार नाही. रविवार नाही तर तो तरी कशाला येईल? तो हवा होता तिला. टाकीखाली पालथा पडलेला, मॅडम मॅडम करणारा, हवाच होता.

फोनमध्ये महिन्यापूर्वी एका चांगल्या सकाळी काढलेले दहा-बारा फोटो होते. तिने त्यातला एक पाठवला.

'वा! काय रंग आहे, मॅडम!'

पुढच्या रविवारी दुसरा. त्याच्या पुढच्या रविवारी तिसरा, जरा डावीकडून घेतलेला. तो कौतुक करत गेला आणि ती फोन पालथा ठेवत गेली.

तिसऱ्या रविवारी मात्र दहा वाजून सात मिनिटांनी फोनच आला.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"तुमच्या काचेवर एक गोगलगाय आहे. उजव्या कोपऱ्यात, थर्मामीटरच्या खाली."

"मग?"

"गोगलगाय सावकाश चालते, मान्य. पण तीन आठवडे एकाच जागी?"

तिने टाकीकडे पाहिलं. खरी गोगलगाय पार दुसऱ्या टोकाला मजेत शेवाळ खात होती. दिवसभर लिफ्टच्या दोरांवर एकेक तार तपासणाऱ्या माणसाला फसवायला निघाली होती ती!

"ते… फोटो जुने आहेत," ती म्हणाली. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. "ते मरतंय. निम्म्याहून जास्त गेलं. मी खोटं बोलले तुमच्याशी. तुम्हाला सांगायची हिंमतच झाली नाही."

पलीकडे किल्ल्या खळखळल्या.

"अर्ध्या तासात आलो," तो म्हणाला.

तो आला तेव्हा काखेत थर्माकोलचा डबा होता. तो टाकीसमोर उकिडवा बसला, पांढऱ्या सांगाड्याकडे बघत राहिला. चिडला नाही. त्याने चिडावं असं तिला जवळजवळ वाटत होतं.

"पाणी तपासून दाखवा," तो म्हणाला.

तिने थेंब टाकले. बाबा मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी थेंबांची बाटली उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि ती नाकाला लावली. चाळीस वर्षं बारीक अक्षरं वाचलेला माणूस.

"हिची मुदत संपून पाच महिने झालेत," बाबा म्हणाले.

तिने बाटली हिसकावून स्वतः वाचली. जावईबापू नेहमीसारखे झुलत होते.

"औषध जुनं झालं म्हणून रंग उशिरा बदलत होता," ती हळूच म्हणाली. "म्हणून आकडा जास्त. म्हणून मी क्षार कमी करत गेले… उपाशी मारलं मी त्याला. मी! जिचं दिवसभर हेच काम आहे."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायचा कंटाळा आला म्हणून तिने ते येऊ दिलं. बाबांना अचानक चहा करायची आठवण झाली.

त्याने डबा उघडला. आतल्या पिशवीत हिरवं अंग, जांभळी टोकं, आणि फांद्या चांगल्या पाच-सहा.

"तुमच्या तुकड्यातून तोडून आणलंत?" ती म्हणाली. "इतकी घाई केलीत? त्याला जखम…"

"आज नाही तोडलं. खालून बघा."

तिने पिशवी वर धरली. चकतीच्या तळाशी खिळ्याने वाकडंतिकडं कोरलं होतं: मॅडम.

"पहिल्याच आठवड्यात तोडून वेगळं लावलं," तो म्हणाला. "तुम्ही पायरीवर रीत सांगितलीत ना. तुमचं मरणार नाही हे मलाही माहीत होतं. पण दुसरा दोर आधीच बांधून ठेवायचा असतो. पहिला तुटल्यावर काय उपयोग?"

चार महिने ती रविवारची वाट बघत होती, आणि हा माणूस चार महिने तिच्या वाटणीचा तुकडा वाढवत होता.

पिशवी टाकीत तरंगत ठेवून दोघं जमिनीवर बसली. खिशातून त्याने नव्या औषधाची बाटली काढली. मोजणी दुसऱ्या बाटलीनेही ताडून बघावी, म्हणून येता येता मामांचं दुकान उघडायला लावलं होतं. मग तो टाकीखालच्या फरशीकडे बघत राहिला.

"माझी टाकी ऐंशी लिटर," तो म्हणाला. "तुमची दोनशे. काच, दगड, स्टँड धरून चारशे किलोच्या आसपास. भिंतीला लागून ठेवलं तर जमीन सहज पेलेल."

"कोणाच्या घरातली जमीन?"

"ते अजून ठरायचंय. दोन्ही टाक्या एकाच घरात असल्या तर म्हणतोय. बाबांच्या खुर्चीलाही समोर जागा लागेल."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "तुम्ही जमिनीला विचारताय की मला?"

"जमिनीचं उत्तर मिळालं. तुमचं राहिलंय… मॅडम."

"आधी ते मॅडम बंद कर."

'कर' ऐकून तो लाल झाला.

तिने नव्या बाटलीचं झाकण फिरवलं, थांबली आणि या वेळी आधी मुदत वाचली.

"अकरा महिने आहेत," ती म्हणाली.

"कशाला?"

"ही संपायला. मला उत्तर द्यायला एवढे दिवस नकोत." तिने त्याचा भिजलेला हात हातात घेतला. "हो. आणि तुझं ते प्लॅस्टिकचं पिंप माझ्या घरात येणार नाही."

"पिंपाचं नंतर बोलू," तो म्हणाला.

"जावईबापूंना चहात साखर किती?" बाबांनी आतून विचारलं. या वेळी त्यांनी माशाला विचारलं नव्हतं.