मेरेदचा दगड

किटली ठेवा रे कुणीतरी. आणि ते बूट काढा पायातले. पहाटेचा सूर्य शिखरावरून बघायचा, हे तुमचं ठरलंय ना, ते उद्यावर टाका. आज एकतीस ऑक्टोबर. आज रात्री आमच्या या एररीच्या डोंगरांत, शेतं संपतात तिथली भिंत ओलांडून वर कुणी जात नाही. हसा, हसा. तुमच्या वयात मीही हसायचो.

ए पोरी, मघाशी तू विचारलंस ना, "आजोबा, घरात मायलेकी दोघीच, मग शेकोटीत चार दगड कशाला?" तेव्हा मी गप्प बसलो, कारण टेगवेन समोर उभी होती. आता ती झोपायला गेलीय, तर सांगतो. तुम्ही ज्या कोठारात पथाऱ्या पसरल्यात, ते ज्याने तुमच्यासारख्या पाहुण्यांसाठी नीट केलं, त्या इद्वलची ही गोष्ट. इद्वल माझा शेजारी, टेगवेनचा नवरा. उडत उडत कानावर आलेलं काही सांगत नाही मी. त्याने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलंय सगळं.

गेल्या वर्षीची हीच रात्र, गुरुवार होता. या रात्री आमच्याकडे काळोख पडता पडता शेकोटी पेटवतात. घरातल्या प्रत्येकाने एक पांढरा दगड घ्यायचा, त्यावर आपली खूण कोरायची आणि विस्तवात टाकायचा. मग मागे न बघता घराकडे धूम ठोकायची, कारण सगळ्यात मागे राहील त्याला शेपूटतुटकी काळी डुकरीण धरते. तेवढं पोरांना पळवायला. पण सकाळी राख उकरताना मात्र कुणी हसत नाही. दगड सापडला तर वर्ष निभावलं. ज्याचा सापडला नाही, तो पुढची शेकोटी बघत नाही.

म्हातारी होती तोवर या घरात चार माणसं. इद्वल, त्याची आई, टेगवेन आणि त्यांची एकुलती एक पोर नेस्ता. पण दगड असायचे पाच. पाचवा मेरेदचा.

मेरेद म्हणजे इद्वलचा थोरला भाऊ. एकोणीस वर्षांचा होता. शरदात आम्ही सगळे मिळून मेंढरं डोंगरावरून खाली आणतो. रांग धरून चालायचं, ज्याची त्याची जागा ठरलेली. त्या दिवशी धुकं उतरलं आणि मेरेदच्या जागेवरून हाक येईनाशी झाली. कडे उतरून पाहिले, तळं ढवळून काढलं. त्याचा कुत्रा तेवढा खाली आला, चिंब भिजलेला. मेरेद नाही आला. आजतागायत नाही.

आई म्हणाली, ज्याचं प्रेत नाही तो मेलेला नाही. त्याचा दगड तिने केला. वर त्याच्या मेंढरांच्या कानाला असायच्या तशा दोन खाचा. दरवर्षी तोच दगड शेकोटीत टाकायची, सकाळी राखेतून काढायची, एप्रनला पुसायची आणि म्हणायची, "बघा, आहे ना? म्हणजे आहे तो." चाळीसहून जास्त वर्षं चाललं हे. आणि इद्वल बिचारा समोर उभा असायचा, हाडामांसाचा, रोज तिची चूल पेटवणारा. त्याच्या दगडाकडे तिचं लक्षही नसायचं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत म्हातारी गेली. शेवटच्या घटकेला इद्वलचा हात धरून काय म्हणाली असेल? "मेरेदचा दगड विसरू नकोस." बस्स. इद्वलला हे फार लागलं. मला म्हणाला होता, "जन्मभर तिची सेवा केली मी, आणि जाताना तोंडात नाव त्याचं." भावावर माया नव्हती असं नाही. पण मायेच्या पोटात राग साठत गेला होता.

तर त्या संध्याकाळी शेकोटी पेटली. नेस्ता घरी नव्हती. शहरातलं एक जोडपं या कोठारात उतरलं होतं, त्यांना वरचं तळं दाखवायला घेऊन गेली होती. आपला दगड सकाळीच कोरून खिडकीत ठेवून गेलेली. इद्वलने तिचा दगड टाकला, टेगवेनने आपला टाकला, इद्वलने स्वतःचा टाकला. उरला मेरेदचा. तो मुठीत घेऊन इद्वल मागच्या ओढ्याकडे वळला.

"इद्वल, अरे काय करतोयस?" टेगवेन म्हणाली.

"जे आईच्या हयातीत करायला हवं होतं ते. मेलेला माणूस मेला म्हणायला एवढी वर्षं लागतात होय?"

"मेला म्हणायचं तर म्हण. पण आजच्या दिवशी नको रे."

"आज काय नि उद्या काय! नेस्ताच्या गळ्यात हे लोढणं नको मला." आणि त्याने दगड भिरकावला. ओढ्यात डुबुक झालं. टेगवेन म्हणते, त्याच्या तोंडावर इतका मोकळेपणा तिने कधी पाहिला नव्हता.

इतक्यात ते जोडपं आलं. दोघंच. चिखलात माखलेलं, पण खुशीत. "फार सुंदर तळं आहे हो तुमचं!"

"पोरगी कुठाय?" इद्वलने विचारलं.

"ती ना... डोंगराचं फाटक आमच्याकडून उघडं राहिलं. ते लावायला मागे फिरली. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, पोचतेच मी."

यात काळजीचं काही नव्हतं. उघड्या फाटकातून मेंढरं थेट रस्त्यावर येतात, लावायलाच हवं. आणि नेस्ताला डोंगर काही नवा नाही. टेगवेनने मटणाचा रस्सा तापत ठेवला. इद्वल काठी घेऊन निघाला, पोरीला अर्ध्या वाटेत गाठून बरोबर घेऊन यावं म्हणून. फ्लोस कुत्री पायात घोटाळत निघाली.

"फाटकाकडून जा," टेगवेन दारातून ओरडली. "लांब पडलं तरी चालेल. भिंतीच्या पायऱ्यांवरून जाऊ नकोस."

"का? भूत बसलंय?"

"आज प्रत्येक पायरीवर एक असतं, माहितीये तुला."

"मग त्याला म्हणेन, जरा सरक बाबा."

भिंत बघितलीत ना तुम्ही दुपारी? पुरुषभर उंच, सुटे दगड रचून केलेली. ओलांडायला मधोमध दगडी पायऱ्या, इकडून चढायचं, तिकडे उतरायचं. फाटक तिथून बरंच पुढे आहे.

इद्वल निम्म्यावर पोचला आणि धुकं उतरलं. वरून खाली, सरसर. बॅटरी लावली तर समोर नुसतं पांढरं. त्याने हाक मारली. "नेस्ता!" उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही.

मग शीळ आली.

वरून. तळ्याच्या बाजूने. एक लांब, खाली घसरत जाणारी... आणि तिच्या टोकाला एक तुटक.

फ्लोस होती तिथे जमिनीला पोट टेकून बसली.

आता तुम्हाला हे सांगायला हवं. आमच्याकडे ज्याची त्याची शीळ वेगळी. कुत्रं धन्याचीच शीळ ऐकतं, दुसऱ्याच्या शिळेला कान हलवत नाही. 'बस' म्हणायची ही शीळ इद्वलची नव्हती. माझी नव्हती. ती मेरेदची होती. आणि फ्लोस चार वर्षांची कुत्री... तिने मेरेदला कुठून ऐकावं?

देवाशपथ सांगतो, इद्वल काही भित्रा माणूस नव्हता. पण तळ्याच्या बाजूला कडा आहे. त्या बाजूने शीळ येतेय, आणि पोर धुक्यात आहे. ती त्या शिळेलाच बापाची शीळ समजली तर?

फाटकाकडून जायला वेळ नव्हता. तो धावत पायऱ्यांकडे गेला.

वरच्या पायरीवर कुणीतरी बसलं होतं.

पाठमोरं. अंगात जुना लोकरी कोट. पाऊस नव्हता, पण कोटातून पाणी गळत होतं. टप... टप... दगडावर.

"कोण आहे?"

इद्वलने बॅटरी वर केली.

"मेरेद?"

टप... टप...

इद्वलने बॅटरी खाली धरली. "माझी पोर वर आहे," तो म्हणाला. "तिने तुझं काय केलंय? दगड मी टाकला. मी. ती नव्हती तिथे."

मग आवाज आला. एकोणीस वर्षांच्या मुलाचा. कुडकुडणारा.

"थंडी आहे, इद्वल."

इद्वल रडायला लागला. साठीचा माणूस... मला सांगतानासुद्धा रडला. म्हणाला, तो आवाज ऐकला आणि सगळा राग कुठल्या कुठे गेला बघ. वाटलं, अंगातला कोट काढून त्याच्या खांद्यावर टाकावा.

"शेकोटीत..." तो आवाज म्हणाला. "माझी जागा कुठाय?"

वर, लांब, पुन्हा ती शीळ. आता कड्याच्या अगदी जवळून.

"माझी घे!" इद्वल ओरडला. "माझी जागा घे, मेरेद! पोरीला सोड..."

शीळ थांबली.

धुकं... गप्प. ओढा गप्प. टपटप गप्प.

मग शीळ घुमली. त्याच पायरीवरून, इद्वलच्या तोंडासमोरून. इतक्या जोरात की त्याने कान झाकून घेतले. एकदा. दोनदा. पुन्हा पुन्हा. डोळे मिटून तो भिंतीला टेकून राहिला. किती वेळ, त्यालाही माहीत नाही.

"बाबा! ए बाबा, बास की!"

डोळे उघडले तर नेस्ता पायऱ्या उतरत होती. धापा टाकत, गुडघा फुटलेला. पायरीवर दुसरं कुणी नव्हतं.

"काय रे बाबा तू! आधी तिकडे काय करत होतास? मी तुझ्या शिळेमागे चालतेय, चालतेय, आणि पायाखाली एकदम दगड सुटले. कड्याच्या काठावर होते मी! तेवढ्यात तुझी शीळ इकडून यायला लागली, म्हणून मागे फिरले. एका जागी थांबायला काय होतं तुला?"

इद्वलने तिला मिठीत घेतलं, हाडं मोडतील इतकं घट्ट. नेस्ताची नजर त्याच्या रिकाम्या गळ्याकडे गेली. तिच्याही लक्षात आलं होतं. एडक्याने टक्कर देऊन इद्वलचे पुढचे दात पाडले, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून त्याला तोंडाने शीळ घालता येत नव्हती. गळ्यातली पत्र्याची शिट्टी वाजवायचा, आणि ती तर घरात खिळ्याला लटकत होती.

त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. रस्सा तसाच राहिला. उजाडलं तसं तिघं शेकोटीपाशी गेले. इद्वल राख उकरत होता, टेगवेन तोंडावर हात धरून उभी. राख अजून कढत होती.

पहिला दगड टेगवेनचा.

दुसरा... इद्वलचे हात चालेनात. नेस्ताने पुढे होऊन काठीने ओढला. तिचाच होता.

तिसरा निघाला. त्यावर दोन खाचा होत्या. कढत राखेतून निघालेला तो दगड ओला होता. नुकता ओढ्यातून काढावा तसा थंडगार, आणि खाचेत शेवाळाचा हिरवा धागा.

इद्वलचा दगड नव्हता. सगळी राख चाळली. नव्हता.

टेगवेन पुन्हा राख उकरायला बसली. आणि इद्वल, पोरांनो, इद्वल हसला. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "माझाच ना? मग झालं तर. मला वाटलं होतं, भलतंच काही होतंय." मेरेदचा दगड त्याने एप्रनला नाही, स्वतःच्या सदऱ्याला पुसला, आईसारखाच, आणि खिडकीत ठेवला.

ते वर्ष त्याने मजेत काढलं, खोटं कशाला सांगू. नेस्ताला सगळी मेंढरं ओळखायला शिकवली. कोठाराचं छप्पर नीट केलं. मी एकदा चिडून म्हणालो, "अरे, डॉक्टरला तरी दाखव!" तर मलाच म्हणाला, "तू दाखव. रंग तुझा उतरलाय." आणि या ऑगस्टमध्ये एका दुपारी, अंगणात खुर्चीवर, मांडीवर टोपी ठेवून तो गेला. दुखलं नाही, खुपलं नाही. फ्लोस पायाशी झोपली होती, तिलाही कळलं नाही.

त्याला माती दिली त्या दिवसाची गोष्ट. माणसं घरी परतली, चहासाठी पाणी कमी पडलं, म्हणून नेस्ता बादली घेऊन ओढ्यावर गेली. मी तिच्या मागोमाग गेलो, पोर एकटी नको म्हणून. ओढ्याचं पाणी ऑगस्टातसुद्धा असं असतं की हात बधिर होतो. नेस्ता वाकली आणि तशीच राहिली. जिथे इद्वलने मेरेदचा दगड भिरकावला होता, बरोबर तिथे तळाशी एक पांढरा दगड होता. तिने बाहेर काढला. इद्वलच्या हातची खूण, खिळ्याने कोरलेली. तो तिने माझ्या हातात दिला.

म्हणून चार दगड, पोरी. मेलेल्याचा दगड टाकत नाहीत, हे टेगवेनलाही कळतं. मीच तिला म्हणालो, टाक, शेकोटीत दोघा भावांचीही जागा राहू दे. कारण मी तो हातात धरलाय. त्या बर्फासारख्या पाण्यातून निघालेला तो दगड... ऊन होता. आत्ता विस्तवातून काढावा तसा.