मागचा बाक

ब्रूनोची बोट रोज दुपारी होबार्टच्या धक्क्यावरून सुटायची आणि पर्यटकांना डरवेंट नदीच्या मुखाशी, आयर्न पॉटच्या दीपस्तंभापर्यंत फिरवून आणायची. एप्रिलमधल्या एका स्वच्छ रविवारी कोरलीचा मुलगा अँगस त्या बोटीत चढला. बोट परतली तेव्हा तो तिच्यात नव्हता. कुणी ओरडलं नव्हतं, पाण्यात काही पडल्याचा आवाज नव्हता. पाणबुडे उतरले आणि रिकाम्या हातांनी वर आले.

अँगस चोवीस वर्षांचा, गेमच्या दुकानात कामाला. हातात धरायच्या छोट्या यंत्रावर खेळायच्या नव्या गेमचं त्याला विलक्षण वेड. 'मीठदिवा' नावाचा गेम सप्टेंबरात, तिकडच्या वसंतात, येणार होता आणि वर्षभर तो त्याच्याविषयीच बोलत होता. त्यातलं पाणी म्हणे अगदी खऱ्यासारखं हलणार होतं. खरं पाणी कसं हलतं ते नीट बघून ठेवतो म्हणायचा आणि ब्रूनोच्या बोटीत जाऊन बसायचा.

जूनमध्ये कोरली स्वतः त्या बोटीत बसली. जॅकेटच्या खिशात अँगसचं जुनं गेमचं यंत्र होतं. नवं त्याच्याबरोबर गेलं होतं. निदान त्याने हाताळलेलं काहीतरी जवळ असावं, एवढंच तिच्या मनात होतं. दीपस्तंभापाशी बोट वळली आणि खिशातल्या यंत्राचा हिरवा दिवा लुकलुकला.

हा दिवा तिला ठाऊक होता. अशी दोन यंत्रं जवळून गेली की एकमेकांना निरोप पाठवतात: पडद्यावर समोरच्याचं छोटं चित्र येतं आणि खाली त्याने लिहिलेली ओळ. चित्र अँगसचं होतं, लाल टोपीतलं. खाली लिहिलं होतं, 'मीठदिवा सुरू केला. पाणी जबरदस्त आहे.'

तिने धावत जाऊन ब्रूनोला दाखवलं. ब्रूनोने वाचलं, मग समोरच्या लाटांकडे बघत म्हणाला, "बोटीवरच्या कुणाचा तरी असेल, कोरली. हे यंत्र लांबचं पकडत नाही."

"हे त्याचं चित्र आहे. टोपी त्याची आहे."

"लाल टोप्या पुष्कळांच्या असतात गं."

दुसऱ्या दिवशी ती अँगसबरोबर काम करणाऱ्या यास्मिनला भेटली. यास्मिनने ओळ वाचून यंत्र तिच्या हातात परत ठेवलं. "मावशी, मीठदिवा अजून कुणाकडेच नाही. आमच्याकडेसुद्धा नाही. सप्टेंबरात येणार."

मग कोरली रोज जाऊ लागली. घरी जेवण करवत नव्हतं. धक्क्यावरची स्कॅलप पाय, शिंपल्याचं सारण भरलेली पेस्ट्री, घ्यायची आणि अर्धी सीगल पक्ष्यांना टाकायची. दीपस्तंभापाशी दिवा लागायचा. 'घंटाघरापर्यंत आलो.' 'घंटा पाण्याखाली वाजते, मस्त वाटतं.' 'पुढचा भाग दोघांनी खेळायचा आहे.' सगळं खेळाविषयीच. तिच्याविषयी एक अक्षर नाही.

तिनेही लिहून बघितलं. 'अँगस, कुठे आहेस?' दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'दोघांनी खेळायचा आहे.'

ऑगस्टमध्ये पाऊस इतका लागून राहिला की एका दुपारी बोटीवर ती आणि ब्रूनो दोघंच होते. सुटायच्या आधी तिने त्याचा हात धरला. "आज तिथे इंजिन बंद कर. थोडा वेळ. मी तुझ्या पाया पडते, ब्रूनो."

"कोरली, पाण्यात काही नाही. आम्ही तळ चाळलाय."

"मग थांबायला काय हरकत आहे?"

ब्रूनोने बोट सोडली. दीपस्तंभापाशी त्याने इंजिन बंद केलं. पावसाचा आवाज तेवढा उरला. दिवा लागला आणि या वेळी लागलेलाच राहिला.

'आज थांबलात. बरं केलंत.'

तिची बोटं गारठली होती. कशीबशी तिने अक्षरं दाबली. 'घरी ये. काय हवं ते देते. सांग कुठे आहेस.'

एरवी उत्तराला दुसरी फेरी लागायची. आज ते तिथल्या तिथे आलं.

'मागच्या बाकावर. वळून बघ.'

ब्रूनो तिच्या समोर होता, म्हणून मागचा बाक आधी त्याला दिसला. कोरलीने मान वळवायला सुरुवात केली तसं त्याने तिचं डोकं दोन्ही हातांनी आपल्या छातीशी दाबलं आणि कोपराने इंजिन चालू केलं. ती ओरबाडत होती, चावत होती. "सोड मला. माझा मुलगा आहे तो. सोड."

शहराचा पूल दिसेपर्यंत त्याने सोडलं नाही. सोडलं तेव्हा बाक रिकामा होता.

पुढच्याच आठवड्यात ब्रूनोने बोट विकली. कोरली त्याच्या दाराशी जाऊन बसायची. तो दार उघडत नसे. शेवटी एका सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि पायरीवर तिच्या शेजारी बसला.

"होता," तो म्हणाला.

"खेळत होता?"

"नाही." ब्रूनोने कप खाली ठेवला. "खेळत दुसरंच कुणीतरी होतं. मान खाली घालून. अँगस नुसता त्याच्या शेजारी बसला होता. तुझ्या पाठीकडे बघून सारखी मान हलवत होता. नको, नको म्हणून."

कोरलीने विचारलं, "बारीक झाला होता का रे?"

ब्रूनो उठून आत गेला.

सप्टेंबरात मीठदिवा आला. यास्मिनने एक बाजूला ठेवला होता. कोरली तो घेऊन तशीच धक्क्यावर गेली. ब्रूनोच्या जागी आता दुसऱ्याच कुणाची नवी, पांढरी बोट लागली होती. ऊन चांगलं पडलं होतं. तिकिटाच्या खिडकीपाशी ती एकटीच होती.

आतली मुलगी हसली. कोरलीच्या खांद्यावरून मागे बघत तिने विचारलं, "तिघं ना?"

कोरलीने मागे वळून बघितलं नाही.

"हो," ती म्हणाली. "तिघं."