दत्ताराम कोतवडेकर यांच्या देहाबाबत

विषय : मयत दत्ताराम कोतवडेकर, राहणार गोडदेव, भाईंदर पूर्व, यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयास देण्याबाबत.
संदर्भ : मयताने हयातीत भरलेला अर्ज, साक्षीदार दोन.

हसू नकोस, निहार. मिनल, तूसुद्धा. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं अशीच सुरुवात केली आहे. विषय आणि संदर्भ लिहिल्याशिवाय मला भूतसुद्धा सांगता येत नाही.

त्या दोन साक्षीदारांपैकी एक माझा दोस्त बबन. आमच्याच सेक्शनला होता. मी तिथं नव्हतो, पण बबन खोटं बोलत नाही. खोटं बोलायला कल्पनाशक्ती लागते, आणि ती आमच्या खात्यात रुजू होतानाच जमा करून घ्यायचे.

तारीख बारा नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. मंगळवार. रात्री दहाला त्याला दत्तारामांच्या पत्नीचा, मनोरमावहिनींचा फोन आला. दत्ताराम साडेआठला घरीच वारले होते, झोपेत. डॉक्टरांचा दाखलाही झाला होता. "भाऊजी, अर्जाची प्रत तुमच्याकडे आहे ना? घेऊन या. गाडी येतेय." काम एवढंच. बबनने फाइल काखेत मारली आणि इथूनच, जेसल पार्कमधून, चालत गोडदेवला निघाला.

दत्ताराम शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. एकतीस वर्षं प्लास्टरचा सांगाडा पुसला त्यांनी. म्हणायचे, "पोरांनी खोट्या हाडांवर किती दिवस शिकायचं? मी गेल्यावर मला न्या." घरात त्यांनी हट्ट असा हा एकच केला.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. देह हॉलमध्ये चटईवर. शववाहिनीचा ड्रायव्हर ईश्वर स्ट्रेचर घेऊन उभा. धाकटा स्वप्नील आईच्या बाजूने, आणि थोरला जितेंद्र दारात आडवा.

"बापाला पोरं चिरणार? गावाला चुलत्यांना काय सांगू? अग्नी कोणाला दिला, पेंढ्याच्या बाहुल्याला? एक बोट जरी कमी राहिलं ना, तर क्रिया पुरी होत नाही."

"दादा, बाबांनी सही केलीय."

"बाबा गेले. आता सही आमची."

कायद्याने तो फार चुकीचं बोलत नव्हता. माणूस लिहून ठेवतो, साक्षीदार ठेवतो, पण तो मेला की विचारतात नातेवाइकांना. जन्मभर ज्याचं घरात कोणी ऐकलं नाही, त्याचं मेल्यावर ऐकावं, असा आग्रह कायदाही धरत नाही.

बबन म्हणाला, "नातेवाईक म्हणजे आधी पत्नी." वहिनींनी तिथल्या तिथे संमतीवर सही केली. मामला संपला होता. ईश्वरने स्ट्रेचर खाली टेकवलं. बबनने फक्त फाइल मिटायची होती.

पण तो पडला कारकून. कागद उघडला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मिटत नाही. कोणी विचारलं नसताना त्याने अटी मोठ्यांदा वाचल्या. संसर्गजन्य आजार असल्यास देह स्वीकारला जाणार नाही. अंगावर जखमा असल्यास, पोलीस केस झाल्यास, शवविच्छेदन झाल्यास, स्वीकारला जाणार नाही.

जितेंद्र शांतपणे आत गेला.

बाहेर आला तेव्हा हातात नारळ सोलायची कोयती होती.

स्वप्नील मध्ये पडला. कोयतीची मूठ त्याच्या तोंडावर बसली. दोन दात आणि रक्त फरशीवर. ओठ नाकापर्यंत फाटला. ईश्वर भिंतीला चिकटला. "अरे भाई, क्या कर रहे हो! मुर्दा है वो!"

पहिला घाव उजव्या हातावर. मनगटाच्या वर, हाडापर्यंत. दुसरा छातीवर. लाकूड फोडल्यासारखा आवाज.

"न्या आता," जितेंद्र धापा टाकत म्हणाला. "न्या कुठं न्यायचाय तो. करा पोलीस केस."

तिसऱ्यांदा कोयती उचलली...

खाली आली नाही.

त्याच्या मनगटावर हात होता. चटईवरून वर आलेला. तोच. हाडापर्यंत कापलेला.



मग आवाज आला. बबन म्हणतो, पापड मोडतो तसा. एकदा. पुन्हा. कोयती पडली. जितेंद्र गुडघ्यावर आला. "बाबा... बाबा, सोडा..." ईश्वरने बोटं उचकटायचा प्रयत्न केला. पाय लावून ओढलं. हलली नाहीत. थंड होती, आणि आवळत होती. जितेंद्रची कातडी फाटली. आतलं पांढरं दिसलं. दत्तारामांचे डोळे मिटलेलेच होते. चेहरा झोपेतल्यासारखा. फक्त तो हात...

"अहो," वहिनी म्हणाल्या. रोजच्या आवाजात. "सोडा त्याला. आपलाच आहे."

...

बोटं उघडली. एकेक.

पुढचं सगळं रीतसर. पोलीस आले, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. कोयतीची केस झाली. पंचनाम्यात त्या हाताचा उल्लेख नाही, कारण तसा रकाना नसतो. महाविद्यालयाने दिलगिरी कळवली. गुरुवारी अग्नी दिला, जितेंद्रने, डाव्या हाताने. त्याला हवं होतं तसंच झालं.

त्याचा उजवा हात मात्र काळा पडत गेला. मनगटात हाड असं उरलंच नव्हतं, भुगा होता. शुक्रवारी रात्री ताप मेंदूत चढला, तो बरळायला लागला, आणि जीव वाचवायला डॉक्टरांनी कोपराखालून हात कापला.

बरा झाल्यावर त्याने पहिली चौकशी केली ती हाताची. जाळायला हवा होता. आता अपुरा राहायची भीती त्याची होती ना!

रुग्णालयाचं उत्तर आलं : सदर अवयव नातेवाइकाच्या लेखी संमतीने, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी, शरीररचना विभागाकडे देण्यात आला आहे. सोबत संमतीची प्रत.

स्वप्नील म्हणतो, मी नाही. त्या रात्री तो ओठाला टाके घालून घरी पडला होता. वहिनी उंबऱ्याबाहेर गेल्या नव्हत्या. प्रतीवर तारीख पंधरा नोव्हेंबर, रात्री पावणेबारा. रुग्णाशी नाते : वडील.

सही? मिनल, मी स्वतः बबनच्या फाइलमधला जुना अर्ज आणि ती प्रत एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावली. उजेडात दोन सह्यांची एकच सही दिसत होती.

जितेंद्रने संमती रद्द करून हात परत मिळण्यासाठी अर्ज केला आहे. संमती देणाऱ्याने समक्ष येऊन ती मागे घ्यावी, असं त्याला कळवण्यात आलं. त्यानंतर त्याने तीन स्मरणपत्रं दिली.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.