दहा महिन्यांचं 'अहो'

खिडकी लाव गं, कंपन्यांचा वास येतोय.

खडवलीच्या गाडीकडे तरातरा निघालेली एक पाठ.

अहो, जेवलात का?

चाळीस मीटर उंचीवर, कतारच्या उन्हात, कमरेला पट्टा बांधून वेल्डिंग करणारा माणूस… पट्टा कमरेला असतो; मन कशाला बांधलेलं असतं?

धाकट्या भावाच्या त्या मनासाठीच तर शकूने हे सारं केलं होतं! फेब्रुवारीत त्या खिडकीवरून नणंद-भावजयीचं कडाक्याचं भांडण झालं आणि "हा फोन तुमच्या भावाने घेतलाय, ठेवा तुम्हालाच," म्हणत स्वप्ना खडवलीला माहेरी गेली. संध्याकाळी त्याच फोनवर कतारहून रत्नदीपचा मेसेज आला. खरं कळलं तर वरून कोसळेल माझा रत्नू… आईमागे स्वतःचं लग्न विसरून वाढवलेला! तिने स्वप्ना होऊन लिहिलं, 'अहो, जेवलात का? काळजी करू नका. मी तुमचीच आहे.' त्याने फोन लावला की ती तो कापायची आणि लिहायची, 'ताई जवळ आहेत, लिहूनच बोलू.'

दहा महिने!

आज तो डोंबिवलीला परतला. बॅग खाली न ठेवताच म्हणाला, "ताई, छान लिहितेस हां तू."

शकूने पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणजे… तुला…"

"पहिल्याच दिवशी कळलेलं. 'अहो' ती फक्त तुझ्यासमोर म्हणायची गं. आम्ही दोघंच असलो की, 'ए येड्या, गिळलंस का?'"

तो हसला. ते हसू शकूला रडण्याहून असह्य झालं.

"मग उत्तरं का देत राहिलास रे?"

"कुणीतरी रोज विचारत होतं ना, जेवलास का म्हणून! तिच्या घरी फोन करून 'गेलीस का' विचारायची छाती नव्हती माझी… वाटायचं, ती परत आली की 'ए येड्या' असा मेसेज येईल. रोज बघायचो, ताई. रोज 'अहो'च!"

"चुकले रे मी… पण तुझ्यासाठीच…"

त्याने बॅग सोडली आणि लहानपणीसारखा तिच्या खांद्यावर कोसळला. दोघंही हमसून हमसून रडली. मग कुशीतूनच त्याने विचारलं, "एकदाही आली नाही ती? खरं सांग."

शकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"नाही रे बाळा."

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी स्वप्नाने तीनदा दार वाजवलं होतं आणि शकूने आतून कडी काढली नव्हती.