डोलकाठीच्या बुडातले केस

चिझुरु देवळाच्या पायऱ्या झाडत होती आणि वरून एक ताजा तांबडा मासा घसरत थेट तिच्या पायाशी आला. मागोमाग टोपली सावरत एक तरुण कोळी.

“देवाचा नैवेद्य होता... लागलं नाही ना?”

“मला नाही. देवालाच जरा आंघोळ घालून द्या!”

तो योहेई. त्या दिवसापासून तो दर फेरीआधी देवळात येऊ लागला. पुजाऱ्याची ही लेक त्याच्या हातात ताईत ठेवायची, आणि बोटं उगाच रेंगाळायची...

मग योहेईची नवी होडी तयार झाली. होडीच्या देवीची स्थापना करताना डोलकाठीच्या बुडात बाईचे केस ठेवतात. देणारीचा जीव मग त्या होडीत गुंततो. चिझुरुनं आदल्या दिवशी दोनदा केस धुतले. मागायला कुणी आलंच नाही.

सकाळी म्हाताऱ्या सुतारानं पूजेसाठी पुडी दिली. “उमेनोचे आहेत.”

उमेनो! समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणारी, कमरेपर्यंत केसांची, खळखळून हसणारी. चिझुरुच्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्याआड जाऊन तिनं पुडी सोडली, ते केस ओटीत लपवले आणि कात्रीनं आपली बट कापून पुडीत बांधली.

वडिलांनी मंत्र म्हटले. सुतारानं बुडात पुडी ठेवून वर खुंटी ठोकली. एकेका ठोक्याला चिझुरुचा जीव खालीवर — देवी कोपली तर? योहेई बुडाला तर?

माणसं पांगली तशी ती धावत वाळूवर गेली.

“योहेईसान, होडी लोटू नका! आत उमेनोचे केस नाहीत... माझे आहेत. मी बदलले.”

“का?”

“का म्हणजे? तिच्या केसांचं एवढं कौतुक... जा, तिच्याकडेच जा!”

योहेईनं होडीवरचा हात काढला. “तिनं आपणहून दिले, मला नाही म्हणवेना. तुमच्याकडे मागायचे म्हणजे लग्नाचीच मागणी. पुजाऱ्याच्या लेकीला कसं विचारणार... तीनदा पायऱ्यांवरून परत फिरलो.”

“मग — खुंटी काढायची?”

“हात तर लावून बघ!” तो हसला. “उमेनोचे केस दे. मीच परत करतो, तिची माफीही मागतो.”

चिझुरुनं ओटी घट्ट धरली.

“तू एकट्यानं नाही जायचं,” ती म्हणाली. “मीही येणार.”